हाँगकाँगच्या मुलांची भाषा कोणत्या मापाने मोजायची?

१९८७ साली हाँगकाँगमध्ये एका ब्रिटिश कसोटीचा कँटोनीज अवतार सिद्ध झाला. जोन रेनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ मध्ये इंग्लंडमधील लहान मुलांचा भाषिक विकास मोजण्यासाठी ती कसोटी प्रथम प्रसिद्ध केली होती. मुलासमोर खेळणी मांडायची, अमुक वस्तू तमुक जागी ठेव अशा सूचना द्यायच्या, चित्रे दाखवून नावे विचारायची आणि मिळालेल्या प्रतिसादांवरून मूल आपल्या वयाच्या मानाने कुठे आहे ते ठरवायचे, अशी तिची रीत. हाँगकाँगमध्ये ती कँटोनीज भाषेत उतरवली गेली, स्थानिक मुलांवर चालवून तिचे वयोमान नव्याने बसवले गेले. तोवर या शहरातील मुलांच्या मातृभाषेचे माप घेण्यासाठी त्यांच्याच भाषेतील प्रमाणित साधन जवळपास नव्हतेच.

विषय तांत्रिक वाटेल, पण त्यात मुलांचे भवितव्य गुंतलेले असते. सहा वर्षांचे एखादे मूल वर्गात गप्प बसते, गोष्ट सांगताना अडखळते, गुरुजींची लांब सूचना त्याच्या डोक्यात शिरत नाही. ते मूल लाजाळू आहे, आळशी आहे, घरी दुसरी भाषा बोलणारे आहे, की त्याच्या भाषिक विकासातच काही अडथळा आहे? साधन चुकीचे असेल तर चूक दोन्ही बाजूंनी होते. निरोगी मुलावर दोषाचा शिक्का बसतो, आणि ज्याला खरोखर मदत हवी आहे ते मूल ‘मंद’ ठरून मागच्या बाकावर जाते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत बालवाडीतील सुमारे ७ टक्के मुलांमध्ये अन्य कोणत्याही ठळक कारणाविना भाषेचा असा अडथळा आढळला. म्हणजे तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात अशी दोनेक मुले असणारच.

हा प्रश्न हाँगकाँगमध्ये १९७० च्या दशकातच का उभा राहिला, याचे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले. त्यांत कँटोनीज बोलणारे बहुसंख्य असले, तरी हाक्का, तिओच्यू, शांघायची बोली, स्झ-याप असे बरेच काही त्या गर्दीत होते. १९६१ च्या जनगणनेत नेहमीची भाषा कँटोनीज असल्याचे सांगणारे सुमारे ७९ टक्के होते. १९९१ पर्यंत ते प्रमाण ८८.७ टक्के झाले. आईबापांची बोली कोणतीही असो, मुले गल्लीत, शाळेत आणि पुढे दूरदर्शनसमोर कँटोनीज झाली. त्यातच १९७१ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, १९७८ मध्ये ती सक्ती नऊ वर्षांपर्यंत वाढली. पूर्वी जी मुले शाळेच्या दारातच गळत, ती आता वर्गात बसू लागली. सर्व मुले शाळेत आली की मुलामुलांतला फरकही शाळेला दिसू लागतो, आणि त्या फरकाचे कारण शोधणे सरकारला भाग पडते. १९७७ मध्ये अपंगांच्या पुनर्वसनाविषयीची श्वेतपत्रिका निघाली. बालमूल्यांकनाची सरकारी सेवाही त्याच सुमाराची.

पण तपासणार कशाने? वाचा-उपचारतज्ज्ञ ब्रिटन-ऑस्ट्रेलियात शिकून येत. त्यांच्या पेटीतल्या कसोट्या इंग्रजी, आणि समोरचे मूल कँटोनीज. बुद्धिमापनाच्या क्षेत्रात वेश्लरच्या बालकसोटीची हाँगकाँग आवृत्ती १९८१ मध्ये तयार झाली होती, परंतु बुद्धीची कसोटी आणि भाषेची कसोटी या दोन भिन्न गोष्टी. बुद्धिमापनात भाषा हे बहुधा वाहन असते. इथे वाहनाचीच तपासणी करायची होती.

अडचण केवळ शब्दांच्या भाषांतराची नव्हती, हा या इतिहासाचा गाभा आहे. १९७३ मध्ये रॉजर ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने इंग्रजी मुलांच्या भाषासंपादनावर जो ग्रंथ लिहिला, त्याने पुढच्या पिढीची नजर घडवली. मुलाचे सरासरी वाक्य किती लांबीचे आहे आणि शब्दांना लागणारे प्रत्यय ते कोणत्या क्रमाने आत्मसात करते, ही त्याची मोजमापे. इंग्रजी मूल अनेकवचनाचा प्रत्यय कधी लावते, भूतकाळाचा कधी, ‘तो जातो’ म्हणताना क्रियापदाला लागणारा ‘स’ कधी. भाषेचा अडथळा असलेली इंग्रजी मुले नेमकी याच जागी, काळाच्या प्रत्ययांपाशी, अडतात, असे १९९० च्या दशकात मेबल राइस आणि केनेथ वेक्स्लर यांनी दाखवले. इंग्रजीपुरते हे निदानाचे उत्तम हत्यार ठरले.

आता हे हत्यार कँटोनीजवर चालवून पाहा. त्या भाषेत ‘जातो, जाते, जातात, गेला, गेली’ असे काही नाहीच. क्रियापद लिंगाने बदलत नाही, वचनाने नाही, पुरुषाने नाही, काळानेही नाही. मराठी मूल ज्या रूपांच्या जंगलातून वाट काढत मोठे होते, त्यातले एक झाडही तिथे नाही. मग कँटोनीज मुलाच्या भाषेत चुकायला काही उरतच नाही, असे समजायचे काय? काही काळ परदेशी अभ्यासकांचा असा समज होताच, की चिनी भाषांना व्याकरण थोडे. ज्याला आपल्या घरातले फर्निचरच ‘फर्निचर’ वाटते, त्याला दुसऱ्याचे घर रिकामे दिसते.

घर रिकामे नव्हते. कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत. जुन्या परंपरेने नऊ मोजले जातात. ‘सी’ हा एकच उच्चार चढत्या, उतरत्या, सपाट अशा निरनिराळ्या सुरांत म्हटला की क्रमाने कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि ‘असणे’ असे अर्थ निघतात. (प्रयत्नाचा हाच ‘सी’ परीक्षेच्या शब्दातही येतो. इतिहास आणि परीक्षा यांत केवळ सुराचे अंतर, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पटण्यासारखे आहे.) नामाची गणती करताना मध्ये वर्गक शब्द घालावा लागतो. मांजराला ‘चेक’, पुस्तकाला ‘पून’, पेनाला ‘ची’. लांबट, लवचीक गोष्टींना ‘थिउ’, म्हणून मासा आणि विजार एकाच वर्गात बसतात. लहान मुले बराच काळ सगळ्यांना सरसकट ‘कॉ’ हा सर्वसाधारण वर्गक लावतात; योग्य वर्गक अंगवळणी पडायला शालेय वय उजाडते. क्रिया पूर्ण झाली, चालू आहे, की पूर्वी कधीतरी अनुभवली, हे सांगायला क्रियापदामागे ‘चॉ’, ‘कन’, ‘क्वॉ’ असे चिमुकले शब्द येतात. आणि वाक्याच्या शेवटी येणारी सुमारे तीस अव्यये तर या भाषेचा जीव आहेत. त्यांतले एक ऐकीव माहितीसाठी येते, थेट आपल्या ‘म्हणे’सारखे, दुसरे अविश्वासाने प्रश्न विचारण्यासाठी. बोलणाऱ्याचा पवित्रा काय आहे, हे कँटोनीज मूल या शेपटीवरून ओळखते आणि स्वतःही दाखवते. इंग्रजी कसोटीत या सगळ्याला खानाच नव्हता.

खाना तयार करायचा तर आधी निरोगी मुले कशी बोलू लागतात हे ठाऊक हवे. ते ठाऊक करून घेण्याचे काम १९८८ नंतर वेगाने झाले. त्या वर्षी हाँगकाँग विद्यापीठात वाचा आणि श्रवणशास्त्राचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९९२ पासून स्थानिक, कँटोनीज मातृभाषेचे तज्ज्ञ बाहेर पडू लागले. जाता जाता : या विद्यापीठाच्या पहिल्या इमारतीचा खर्च उचलणारे गृहस्थ मुंबईचे. १८३८ मध्ये मुंबईत जन्मलेले पारशी व्यापारी होरमसजी नवरोजी मोदी १८६० च्या आसपास हाँगकाँगला गेले, तिथे गडगंज झाले आणि त्यांच्या देणगीतून १९१० मध्ये विद्यापीठाची कोनशिला बसली. तिथला मोदी रोड त्यांच्याच नावाचा.

१९९३ मध्ये लिडिया सो यांनी कँटोनीज उच्चारांची चाचणी तयार केली. १९९५ मध्ये त्यांनी बार्बरा डॉड यांच्यासह २६८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे दोन वर्षांच्या वयात, व्यंजने अजून अडखळत असतानाच, मुले सूर बिनचूक वापरू लागतात, हा त्यातला लक्षणीय निष्कर्ष. परदेशी प्रौढाला वर्षानुवर्षे दाद न देणारे सूर तिथल्या बाळाला सर्वांत आधी साधतात. व्यवहारात याचा अर्थ असा, की चार वर्षांचे मूल सुरांत चुकत असेल तर ‘मोठे झाले की येईल’ म्हणून वाट पाहणे योग्य नाही. आधी त्याचे कान तपासावेत. १९९६ मध्ये थॉमस ली आणि सहकाऱ्यांनी आठ लहान मुलांच्या घरी सुमारे वर्षभर वारंवार जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांचा भाषासंग्रह उपलब्ध करून दिला. आठ मुले म्हणजे संख्या क्षुल्लक. पण प्रत्येक मुलाचे शब्दन् शब्द उतरवून काढणे हे किती कष्टाचे काम आहे, ते ज्याने एक तास ध्वनिफीत उतरवली आहे त्यालाच कळेल. १९९४ मध्ये स्टीफन मॅथ्यूज आणि व्हर्जिनिया यिप यांचे कँटोनीजचे विस्तृत व्याकरण आले होते. मुलांचे व्याकरण तपासणाऱ्यांना निदान प्रौढांचे व्याकरण एका जागी मिळाले.

इथे एक पेच आला, आणि तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत मानवी पेच आहे. ‘तू’ या अर्थाचा शब्द ‘नेइ’. पण हाँगकाँगच्या रस्त्यावर बहुतेक तरुण ‘लेइ’ म्हणतात. ‘मी’ म्हणजे ‘ङो’. कानावर येते ‘ओ’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘न’ ‘ल’मध्ये मिसळला, ‘ङ’ गळाला, शब्दान्तीचे ‘ङ’ आणि ‘न’ अनेकांच्या तोंडी एक झाले. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांच्या कँटोनीज कोशांत ‘न’ आणि ‘ल’ स्वच्छ वेगळे नोंदलेले दिसतात. म्हणजे बदल गेल्या काही पिढ्यांतला. या उच्चारांना शहरात ‘आळशी उच्चार’ असे नाव पडले. १९७० च्या दशकापासून प्राध्यापक हो मान-वुइ यांच्यासारख्या विद्वानांनी शुद्ध उच्चारांची चळवळ चालवली. नभोवाणी-दूरदर्शनवर कार्यक्रम झाले, शाळांत स्पर्धा झाल्या. वर्तनातला आळस आणि जिभेचा आळस एकच मानला गेला.

आता उच्चार तपासणाऱ्या तज्ज्ञाने काय करावे? चार वर्षांचे मूल ‘लेइ’ म्हणाले. शुद्धिवाद्यांच्या मते ती चूक. पण त्या मुलाची आई ‘लेइ’ म्हणते, बाप ‘लेइ’ म्हणतो, शिकवणाऱ्या बाईसुद्धा वर्गाबाहेर ‘लेइ’ म्हणतात. मूल आपल्या समाजाची भाषा अचूक शिकले आहे. तेच तर तपासायचे होते. ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणणाऱ्या मुलाला वाग्दोष आहे असे आपल्याकडेही कोणी जाणता तज्ज्ञ म्हणणार नाही, शिक्षक मात्र म्हणेल. हाँगकाँगच्या अभ्यासकांनी बाजू घेतली ती भाषाशास्त्राची : शहरात रूढ झालेले पर्यायी उच्चार बरोबर धरायचे. कॅरॉल टो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १,७२६ मुलांच्या मोठ्या पाहणीतही हीच भूमिका होती. हा निर्णय वरवर तांत्रिक; पण शुद्धाशुद्धाचा वाद ज्या शहरात इतका तापला होता, तिथे मुलांच्या बाजूने उभे राहण्याचाच तो एक प्रकार होता, असे म्हणायला हरकत नाही.

पुढचा शोध ‘खुणे’चा होता. इंग्रजीत काळाचा प्रत्यय ही अडथळ्याची खूण, कँटोनीजमध्ये कोणती? पॉल फ्लेचर, स्टेफनी स्टोक्स, अनिता वाँग आणि अमेरिकेतील लॉरेन्स लेनर्ड यांच्या गटाने २००० नंतरच्या दशकात या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. २००४ मध्ये असे दिसले, की मुलाचे वय, वाक्यांची सरासरी लांबी आणि शब्दांचे वैविध्य ही तीन मापे एकत्र घेतली तर अडथळा असलेली आणि नसलेली मुले बऱ्यापैकी वेगळी काढता येतात. २०१० मध्ये नवीन मुलांवर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा निदान पहिल्याइतके अचूक ठरले नाही. स्वतःच्याच निष्कर्षाला पुन्हा कसाला लावून ‘तो तितकासा टिकला नाही’ असे छापून सांगणे, ही या गटाची मोठी मिळकत मानली पाहिजे. असे प्रामाणिक अपयश संशोधनाच्या इतिहासात फार वेळा नोंदलेले सापडत नाही.

त्याहून उद्बोधक ठरला २००६ चा प्रयोग. निरर्थक शब्द ऐकवायचे आणि मुलाला ते जसेच्या तसे म्हणायला लावायचे, ही चाचणी इंग्रजीत नामांकित होती. अडथळा असलेल्या मुलांना ते जमत नाही. शिवाय निरर्थक शब्द कोणत्याच भाषेचे नसल्यामुळे ही चाचणी भाषानिरपेक्ष असावी, अशी आशा होती. कँटोनीजमध्ये ती सपशेल नापास झाली. दोन्ही गटांतील मुलांना निरर्थक शब्द सारखेच जमले. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. इंग्रजी शब्दांत जोडाक्षरांची दाटी आणि आघातांची चढउतार असते. कँटोनीजमध्ये अवयव सुटसुटीत : एक व्यंजन, एक स्वर, फार तर शेवटी आणखी एक व्यंजन. त्या घडणीचे निरर्थक शब्द कुणालाच अवघड नाहीत. म्हणजे ‘निरर्थक’ शब्दालाही भाषा असते. उलट संपूर्ण वाक्य ऐकून पुन्हा म्हणण्याच्या चाचणीत दोन गट स्वच्छ वेगळे झाले. लांब वाक्य पोपटासारखे स्मरणात राहत नाही. ते समजून, मोडून, पुन्हा रचून म्हणावे लागते, आणि रचताना व्याकरणातली कच उघडी पडते.

हे सगळे मुख्यतः शाळेपूर्वीच्या वयाचे. रेनेलची श्रेणीही सात वर्षांपाशी संपत होती. शाळेतल्या मुलाचे काय? तिथे हाँगकाँगची खास गुंतागुंत सुरू होते. या शहरातले मूल बोलते एक आणि वाचते दुसरे. ‘तो खात नाही’ हे वाक्य तोंडी ‘ख्यूइ म् सिक’. तेच वाक्य पाठ्यपुस्तकात वेगळ्या अक्षरांनी लिहिलेले असते, आणि मोठ्याने वाचताना ते ‘था पत हेक’ असे कँटोनीज उच्चारांत वाचले जाते. तीन शब्दांतला एकही समान नाही. लिखित भाषा मँडरिनच्या वळणाची, उच्चार मात्र कँटोनीज. शब्दांचा क्रमही कुठे कुठे फिरतो. ‘मला पुस्तक दे’ हे कँटोनीज मूल ‘दे पुस्तक मला’ या क्रमाने म्हणते. प्रमाण लेखनात ‘दे मला पुस्तक’ लागते. बोलल्याप्रमाणे लिहिले तर वहीवर लाल रेघ. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला एखादा शब्द माहीत नाही असे दिसते, तेव्हा तो घरातला शब्द माहीत नाही की पुस्तकातला, हे वेगळे करावे लागते. जो मुलगा वाचनात मागे आहे, त्याचे पुस्तकी शब्द आपोआपच कमी पडणार. आणि पुस्तकी शब्द कमी म्हणून त्याच्या बोलभाषेला दोषी ठरवले, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. वाचन-लेखनाच्या अडचणींसाठी स्वतंत्र हाँगकाँग कसोटी २००० साली आली होती. बोलभाषेची जागा अजून मोकळी होती.

ती जागा २००६ मध्ये भरली. हाँगकाँग सिटी विद्यापीठाच्या भाषा-माहितीशास्त्र संशोधन केंद्रातून ‘हाँगकाँग कँटोनीज मौखिक भाषा मूल्यांकन श्रेणी’ प्रसिद्ध झाली. बेंजामिन त्सौ, थॉमस ली यांच्यासारखे भाषाशास्त्रज्ञ आणि सरकारी बालमूल्यांकन सेवेतील वाचा-उपचारतज्ज्ञ यांनी ती मिळून घडवली. वय सुमारे पाच ते बारा, म्हणजे बालवाडीचा शेवट ते प्राथमिक शाळेचा शेवट. पोटकसोट्या सहा : व्याकरण, ऐकलेल्या मजकुराचे आकलन, शब्दांची व्याख्या, शब्दांमधले अर्थसंबंध, कथन आणि चित्रे पाहून नामे सांगणे. इंग्रजी कसोटीचा सांगाडा घेऊन त्यावर कँटोनीज मांस चढवलेले नाही. सांगाडाच कँटोनीजच्या रचनेवरून उभारलेला.

त्यातले कथन विशेष लक्ष देण्यासारखे आहे. मुलाला गोष्ट ऐकवतात आणि ती परत सांगायला लावतात. गुण देताना चार बाजू पाहिल्या जातात : गोष्टीचे घटक आले का, वाक्ये किती गुंफलेली आहेत, जोडशब्द कसे वापरले, आणि कोण कोणाविषयी बोलत आहे हे ऐकणाऱ्याला कळते का. ही शेवटची बाजू कँटोनीजमध्ये नाजूक आहे. ‘तो’ आणि ‘ती’ यांना बोलण्यात एकच शब्द, ‘ख्यूइ’. शिवाय कर्ता वाक्यातून सरळ गाळता येतो. मराठीत क्रियापदाच्या ‘गेला-गेली’वरून कर्ता हुडकता येतो, तिथे तीही सोय नाही. म्हणून दोन मुले आणि एक आई अशा गोष्टीत कोणी काय केले ते ऐकणाऱ्याच्या मनात गोंधळ न होता सांगणे, ही खरी कसरत. सहा वर्षांचे मूल गोष्ट सांगते तेव्हा आपल्याला सर्व ठाऊक आहे म्हणजे ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे, असे गृहीत धरते. मोठे होता होता ते समोरच्याच्या डोक्यातला अंधार ओळखू लागते. भाषिक विकास म्हणजे केवळ शब्दसाठा नव्हे, हे या एका पोटकसोटीत जितके उमटते तितके नामांच्या यादीत उमटत नाही.

अडथळा ठरवण्याची रेषा अशी, की सहापैकी किमान दोन पोटकसोट्यांत गुण सरासरीच्या खाली १.२५ प्रमाण विचलनापर्यंत किंवा त्याहून खाली गेले पाहिजेत. सोप्या भाषेत, एकेका पोटकसोटीत वयाच्या मुलांमधील तळाच्या साधारण दहा टक्क्यांत मूल पडले पाहिजे, आणि तसे एकदा नव्हे, दोनदा. रेषा कुठेतरी ओढावीच लागते. पण तिच्या किंचित वर असलेले मूल आणि किंचित खाली असलेले मूल यांच्यात निसर्गाने कुंपण घातलेले नसते. ते कुंपण मदतीचे वाटप करणाऱ्यांना लागते. २०१९-२० पासून हाँगकाँगच्या शिक्षण विभागाने शाळांमध्ये वाचा-उपचारतज्ज्ञांची कायम पदे टप्प्याटप्प्याने निर्माण केली. मूल रेषेच्या कोणत्या बाजूला पडले, यावर त्या तज्ज्ञाचा वेळ त्याच्या वाट्याला किती येणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

या कसोटीच्या नावात ‘कँटोनीज’ हा शब्द ठळकपणे आहे, हेही त्या शहरात साधे नव्हे. १९७४ मध्ये इंग्रजीच्या जोडीला ‘चिनी’ अधिकृत भाषा झाली, पण कायद्याने चिनी म्हणजे कोणती हे सांगितले नाही. सत्तांतरानंतर १९९८ पासून बहुतेक माध्यमिक शाळांना मातृभाषेतून शिकवण्याचा आदेश मिळाला. केवळ ११४ शाळांना इंग्रजी माध्यम राखता आले. त्यावर पालकांचा संताप उसळला, कारण इंग्रजी शाळा म्हणजे प्रतिष्ठा. दुसरीकडे अनेक प्राथमिक शाळा चिनी हा विषय पुतोंगहुआ, म्हणजे मँडरिनमधून शिकवू लागल्या. २०१४ च्या सुरुवातीस शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कँटोनीज ही अधिकृत भाषा नसलेली एक बोली असल्याचे वाक्य आले. गदारोळ झाला आणि विभागाला ते मागे घेऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली. ज्या भाषेच्या दर्जावर सरकारी कागद अडखळत होता, त्याच भाषेतल्या कसोटीवर शाळकरी मुलांचे निदान आठ वर्षे चालू होते.

कसोटीच्या कक्षेबाहेर कोण राहते, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. वयोमान बसवले गेले ते कँटोनीज मातृभाषा असलेल्या मुलांवर. हाँगकाँगमध्ये तीन लाखांहून अधिक परदेशी घरकामगार स्त्रिया आहेत, बहुतेक फिलिपिनो आणि इंडोनेशियन. कित्येक मुलांचा दिवसाचा मोठा भाग त्यांच्याशी इंग्रजीत बोलण्यात जातो. मुख्य भूमीवरून आलेली मुले मँडरिन घेऊन येतात. आणि नेपाळी, पाकिस्तानी, भारतीय कुटुंबांतली मुले घरी नेपाळी, उर्दू, पंजाबी बोलतात, शाळेत कँटोनीज ऐकतात आणि मँडरिन वळणाची चिनी लिहायला शिकतात. दुसरी भाषा म्हणून चिनी शिकणाऱ्या अशा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमाची स्वतंत्र चौकट २०१४ मध्ये आली. पण अशा मुलाला कथन जमले नाही, वर्गक चुकले, वाक्य पुन्हा म्हणता आले नाही, तर ते कँटोनीज अजून पुरेसे ऐकले नाही म्हणून, की भाषा शिकण्याच्या क्षमतेतच अडथळा आहे म्हणून? केवळ कँटोनीज गुणांवरून हे सांगता येत नाही. खरा अडथळा असेल तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसला पाहिजे, हे जगभरच्या तज्ज्ञांना मान्य आहे. त्यासाठी उर्दू किंवा नेपाळीतही तितकीच काटेकोर कसोटी हवी आणि ती घेणारा माणूसही हवा. तोवर तज्ज्ञाच्या हाती उरते ते आईला, बहुधा दुभाष्यामार्फत, विचारणे : हे मूल घरी, तुमच्या भाषेत, आपल्या भावंडांच्या मानाने उशिरा बोलू लागले का?

१९७० च्या दशकात इंग्रजी कसोट्यांची पेटी घेऊन कँटोनीज मुलासमोर बसणाऱ्या तज्ज्ञालाही त्याच्या आईला हेच विचारावे लागत असे.